बिनक्लचची जीप

रत्नाक्का वर्कशॉपमध्ये आल्या तेव्हा मी जीपखाली उताणा पडून पाण्याच्या पाइपला क्लॅम्प आवळत होतो. आधी त्यांच्या चपला दिसल्या, मग साडीचा काठ. उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये बायका सहसा येत नसत; आल्याच तर रस्त्यावरून हाक मारत. या सरळ आत आल्या आणि जीपला लागून उभ्या राहिल्या. मी बाहेर सरकलो, चिंध्यांना हात पुसले, स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत.

"डॉक्टर आलेत का बरोबर?" मी विचारलं.

"नाही. त्यांना सांगून आले नाही मी."

डॉक्टर म्हणजे भूपाल मगदूम. गुराढोरांचे डॉक्टर. सगळी नोकरी गगनबावड्याच्या बाजूला काढली, आणि निवृत्त झाल्यावरही त्यांना बोलावणी येतच होती. कोल्हापुरात घर होतं, पण ते झोपायला असल्यासारखं. दोन वर्षांपूर्वी एका म्हशीला बघून परत येताना त्यांची जीप कडेला कलंडली आणि डावा पाय खाली सापडला. कुणीतरी येईपर्यंत बराच वेळ ते तसेच पडून होते. पाय मांडीपासून काढावा लागला.

आजच्यासारख्या ऑटोमॅटिक गाड्या तेव्हा गल्लोगल्ली नव्हत्या. आम्ही आधी त्यांना हाताने क्लच दाबायची दांडी बसवून दिली होती. त्यांनी ती मैदानात चालवून बघितली आणि परत आणून लावली. एक हात स्टिअरिंगला, एक गिअरला, मग क्लचला तिसरा कुठून आणू, असं म्हणाले. त्यानंतर मी मुंबईच्या भंगार बाजारातून एक जपानी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शोधून आणला. तो जुन्यापेक्षा हातभर लांब निघाला. तो बसवायचा तर इंजिन पुढे सरकवणं भाग होतं, आणि इंजिन पुढे आलं तशी रेडिएटरची जागा गेली. म्हणून रेडिएटर उचलून जीपच्या मागच्या बाजूला, सीटच्या पाठीमागे उभा केला, त्याला विजेवरचे दोन पंखे लावले आणि पाण्याचे पाइप फरशीखालून पुढे नेले. पहिल्यांदा पाइपात हवा अडकून पाणी उकळलं. मग गाडीचं तोंड वर उचलून हवा काढायची हे कळलं. तेवढं जमेपर्यंत पावसाळा उलटला होता.

रत्नाक्का हे सगळं बघत होत्या. मागचा रेडिएटर, खालचे पाइप, उघडं बॉनेट. मग म्हणाल्या, "मला सांगा इलाहीभाई, ही गाडी घाटात तापेल का?"

मला वाटलं त्यांना काळजी आहे. मी समजावून सांगायला लागलो. पाण्याची भीती आता नाही, म्हटलं. भीती तेलाची आहे. या गिअरबॉक्सला क्लच नाही. आतलं तेलच इंजिनाचा जोर पुढे देतं. चढावर गाडी हळू चालली की ते तेल आतल्या आत घुसळतं आणि तापतं. त्यासाठी मी पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या जुन्या जागी, एक छोटा ऑइल कूलर बसवला होता. शाळेच्या पाटीएवढा, तेवढाच जाड. इंजिन आणि जाळी यांच्यात त्याहून मोठं काही मावत नव्हतं. तेल त्याच्यातून फिरून यायचं आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याने गार व्हायचं.

"आणि वारा नसला तर?"

"तर तापेल. म्हणून हा मीटर." मी त्यांना डॅशबोर्डवरचा गोल मीटर दाखवला. तो डाव्या टोकाला होता आणि त्याची काच डावीकडे वळलेली होती, म्हणजे चालवणाऱ्याला काटा दिसत नव्हता, शेजारच्यानेच तो वाचायचा. त्याची तांब्याची नळी गिअरबॉक्सपासून तिथपर्यंतच पोहोचत होती, आणि ती नळी तोडून जोडता येत नाही. "एकशेवीसला लाल रेघ आहे. काटा तिथे गेला की गाडी बाजूला घ्यायची, न्यूट्रल करायची, इंजिन चालू ठेवून तेल निवू द्यायचं. नाही थांबलं तर तेल जळतं. तेल जळलं की गिअरबॉक्स गेला. हा दुसरा मिळायचा नाही."

त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यांनी मला शब्द दिलाय. करूळ घाट चढताना गाडी तापून एकदा जरी थांबली, तर परत स्टिअरिंगला हात लावणार नाही. जीप विकून टाकणार." त्यांनी काचेवरचं बोट काढून घेतलं. "तेव्हा तापू द्या तिला. तुम्हाला काय, नळीत एखादा चिंधीचा बोळा घातला तरी पुरे."

 टिपुगडे, माझा रेडिएटरचा कारागीर, पलीकडे डाख देत होता. त्याने ऐकलं असावं, कारण त्याने डाखायच्या बंबाची ज्योत मोठी केली, तिच्या आवाजात आमचं बोलणं बुडावं म्हणून.

"तुम्हाला वाटेल, काय बाई आहे," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून हा माणूस दुसऱ्यांच्या गोठ्यात आहे. दिवाळीला नाही, मुलीच्या बारशाला नाही. फोन आला की निघाले. मी खिडकीत. त्या दिवशी पण खिडकीतच होते, दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं मला. आता दोन वर्षं घरात आहेत. बोलत नाहीत फार, भिंतीकडे बघत बसतात, पण आहेत. माझ्या हातचं गरम जेवतात. मला ते पुरतं."

मी त्यांना सांगितलं की हातात घेतलेलं काम मुद्दाम बिघडवून देणं मला जमायचं नाही. त्या आल्या होत्या हे मात्र डॉक्टरांना सांगणार नाही. त्यांनी मान हलवली. राग दिसला नाही. माझं उत्तर त्यांना आधीच माहीत असावं, फक्त विचारायचं राहून गेलं असतं तर त्यांना चैन पडलं नसतं, असं मला वाटलं.

"मग मी येते चाचणीला," एवढंच म्हणाल्या.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. डॉक्टर चालवायला, रत्नाक्का त्यांच्या डावीकडे, मी मागे. मागे म्हणजे रेडिएटरच्या पुढ्यात. पंखे सुरू झाले की गरम हवा सरळ माझ्या मानेवर. डॉक्टरांनी नकली पाय लावला होता. तो गाडीत काहीच कामाचा नव्हता, पण ते पॅंट-बूट घालून नीट तयार होऊन आले होते. कळे गाव येईपर्यंत त्यांनी दोनदा डावा पाय उचलल्यासारखी मांडी हलवली. क्लच शोधत होते. नंतर ती सवय मोडली.

गगनबावड्यापर्यंत गाडी छान आली. तिथून करूळ घाट उतरून खाली वैभववाडीच्या अलीकडे थांबायचं, गाडी थोडी विसावू द्यायची आणि मग घाट चढायचा, असं ठरलं होतं. खरी परीक्षा चढाचीच होती. उतरताना डॉक्टर काही बोलले नाहीत. रत्नाक्का दर थोड्या वेळाने मीटर वाचून दाखवत होत्या, तेच त्यांचं काम ठरलं होतं. सत्तर. पंचाहत्तर. सत्तर.

पायथ्याशी एका टपरीवर आम्ही चहा घेतला. तिथे एक माणूस जीपभोवती दोन फेऱ्या मारून गेला, मग परत आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्याने डॉक्टरांच्या तोंडाकडे निरखून बघितलं.

"मगदूम डॉक्टर न्हवं तुमी?"

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "विठू येडगे. तुझ्या बापाची बैलजोडी मी बघितली होती."

येडगे काही क्षण त्यांच्या पायाकडे बघत राहिला. पाय गेल्याचं त्याने ऐकलं होतं, आणि डॉक्टर आता येत नाहीत हेही धरून चालला होता. मग त्याने चाचरत सांगितलं की त्याची गाय पहाटेपासून अडली आहे, वासराचे पुढचे पाय दिसतात पण पुढे काही सरकत नाही, आणि सरकारी डॉक्टर सुट्टीवर आहे. त्याचा धनगरवाडा टपरीपासून लांब नव्हता, जीप जाईल एवढी वाट होती.

डॉक्टरांनी रत्नाक्कांकडे बघितलं. त्या चहाचा पेला बघत होत्या. "चला," म्हणाल्या. 

गाय अंगणात आडवी पडली होती. तिची मान जमिनीला टेकलेली, डोळे अर्धे मिटलेले. डॉक्टर काठ्या टेकत तिच्यापर्यंत गेले, उभ्यानेच वाकून बघायला गेले आणि तोल गेला. येडगेने धरलं. मग त्यांनी सरळ खाली बैठक मारली, पॅंटच्या आतला पायाचा पट्टा सोडून नकली पाय काढला आणि तो बूट-मोज्यासकट रत्नाक्कांच्या हातात दिला. गरम पाणी, साबण, खोबरेल तेल आणि मऊ दोरी मागवली. दंडापर्यंत हात धुतला.

"रत्ना, माझ्या मागे बस. पाठीला पाठ लाव आणि मला सरकू देऊ नको."

त्या बसल्या. नव्या सुती साडीत, शेणामातीत, पाठीला पाठ लावून. नकली पाय त्यांनी मांडीवर आडवा धरला होता. डॉक्टर कुशीवर कलले आणि त्यांचा हात गाईच्या पोटात गेला, कोपरापर्यंत, मग त्याच्याही वर.  डॉक्टर हळू आवाजात बोलत होते, गाईशी की स्वतःशी ते कळत नव्हतं. वासराची मान मागे मुडपली होती. ती आतल्या आत फिरवून सरळ करायची होती, तेही कळ थांबेल तेवढ्याच फटीत. कळ आली की गाय आवळून धरायची आणि डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडायचा. ते मागे रेलायचे तेव्हा रत्नाक्का टाचा मातीत रोवून त्यांना पुढे ढकलायच्या. मी रत्नाक्कांचा चेहरा बघत होतो, कारण गाईकडे मला बघवत नव्हतं. त्यांना मागे काय चाललंय ते दिसत नव्हतं. फक्त पाठीला कळत होतं.

शेवटी मान आली. डॉक्टरांनी वासराच्या पायांना दोरी बांधली, येडगेला आणि मला ओढायला लावलं. कधी ओढायचं, कधी सोडायचं, हे ते सांगत होते. वासरू बाहेर आलं तेव्हा निपचित होतं. त्यांनी त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, नाकपुडीत गवताची काडी घातली, चोळलं. ते शिंकलं. येडगेची बायको रडायला लागली.

पण गाय उठत नव्हती. वासरू पुढ्यात ठेवलं तरी तिने मान उचलली नाही. येडगेने दोनदा शेपूट पिळायला हात घातला, डॉक्टरांनी त्याला बाजूला केलं. ते खुरडत तिच्या डोक्यापाशी गेले, तिची मान आपल्या उरलेल्या मांडीवर घेतली आणि कानामागे चोळत बसून राहिले. ऊन अंगणात आलं. मी म्हटलं, निघायला हवं. कुणी लक्ष दिलं नाही. रत्नाक्का उठल्या, मागून पाणी आणलं, ओंजळीने गाईच्या तोंडाला लावलं. पुष्कळ वेळाने गाईने ते चाटलं. मग मागचे पाय रोवले, पडली, पुन्हा रोवले आणि उभी राहिली. वासराला हुंगून ती त्याला चाटायला लागली.

डॉक्टर तिथेच मातीत बसून हसत होते. दोन वर्षांत ते माझ्या शेडमध्ये किती वेळा आले असतील, पण मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. रत्नाक्कांनी त्यांना पाय आणून दिला, पट्टा बांधायला मदत केली. 

घाट चढायला लागलो तेव्हा दुपार झाली होती. पहिली वळणं गाडीने झटक्यात घेतली. डॉक्टर बोलायला लागले होते. कुठल्या वाडीवर कुणाची कोणती गाय, कुठला रेडा त्यांच्या अंगावर आला होता. रत्नाक्का मीटर वाचत होत्या. ऐंशी. पंच्याऐंशी. नव्वद.

मग समोर चिऱ्यांचा ट्रक आला. काठोकाठ भरलेला, माणूस चालेल त्या वेगाने चढणारा. रस्ता अरुंद, पुढे जायला जागा नाही. आम्ही त्याच्या धुरात, त्याच्या मागे मागे. पुढच्या जाळीवर वारा नव्हता, होती ती ट्रकची गरम हवा. मला जी भीती होती ती नेमकी हीच.

"किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"पंच्याण्णव."

मी रत्नाक्कांच्या डाव्या खांद्यावरून वाकून मीटर बघितला. खरंच पंच्याण्णव होतं. मागचे पंखे घोंघावत होते, माझी मान भाजत होती. पुढच्या वळणाला मी परत वाकलो तेव्हा एकशेपाचच्या पुढे गेलं होतं.

"किती झालं, रत्ना?"

"पंच्याण्णवच आहे."

मला वाटलं त्यांना नीट दिसलं नसेल. पण त्या काचेकडेच बघत होत्या, नाक काचेला लागेल इतक्या जवळून. ट्रक अजून हळू झाला. इंजिनाचा आवाज वर चढला पण गाडीचा वेग तेवढाच. गिअरबॉक्स आतून घसरायला लागला होता. काटा लाल रेघेला टेकला, आणि मग तिच्या पलीकडे गेला.

"किती?"

"शंभर," रत्नाक्का म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा, भाजीत मीठ किती घातलं ते सांगावं तसा.

डॉक्टरांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "इलाही, आवाज बदललाय का रे गाडीचा?"

मुंबईच्या भंगारातून शोधून आणलेला गिअरबॉक्स होता तो. अजून दोन वळणं असंच चाललं तर संपणार, हे मला दिसत होतं. आणि थांबायला सांगितलं तर काय संपणार, तेही दिसत होतं.

"ट्रकचा आवाज आहे, डॉक्टर," मी म्हटलं. "चालू द्या."

रत्नाक्कांनी मागे वळून बघितलं नाही. त्यांचा डावा हात दाराच्या दांडीवर आवळलेला होता. एक वळण गेलं. दुसऱ्या वळणाला रस्ता जरा रुंद होता, ट्रकवाल्याने हात बाहेर काढून आम्हाला पुढे जायची खूण केली. डॉक्टरांनी गाडी काढली. समोर मोकळा रस्ता आला, वारा लागला. काटा बराच वेळ तिथेच अडून राहिला, आणि मग हळूहळू खाली यायला लागला. रत्नाक्कांनी पदराने तोंड पुसलं.

"शंभर," त्या परत म्हणाल्या. आता ते खोटं कमी होत चाललं होतं.

गगनबावड्याला वर आल्यावर डॉक्टरांना ओळखणारे तीन-चार जण हॉटेलापाशी भेटले. डॉक्टर काठ्या घेऊन त्यांच्यात गेले. मी बॉनेट उघडलं आणि गिअरबॉक्सची तेलाची काडी ओढली. लालबुंद असायला हवं ते तेल तपकिरी झालं होतं, आणि त्याला करपल्याचा वास येत होता. पण काडीला लोखंडाचा कीस लागला नव्हता. धातू वाचला होता. तेल बदललं की निभावणार होतं.

रत्नाक्का शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या साडीवरचं शेण आता वाळलं होतं.

"गेलं का?"

"नाही. थोडक्यात राहिलं." मी काडी पुसली. "अक्का, तुम्हीच तर थांबवायला सांगत होता."

त्या हॉटेलाच्या दिशेने बघत होत्या. डॉक्टर हातवारे करून गाय कशी आडवी होती ते दाखवत होते, काठीसुद्धा हवेत होती.

"मला आजवर माहीत नव्हतं ते तिकडे जाऊन काय करतात," त्या म्हणाल्या. "घरी आले की आंघोळ करून जेवायचे. मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आज पाठीला पाठ लावून बसले तेव्हा कळलं." मग म्हणाल्या, "ती गाय उठली नसती, तर मी खरा आकडा सांगितला असता."

मी बॉनेट लावलं. त्या जीपमध्ये चढायला निघाल्या आणि पायरीवर थांबल्या.

"त्या कूलरला पंखा बसवा कसाही करून. आज खोटं बोलले, दर खेपेला नाही बोलायची."

मी म्हटलं, जाळीमागे जागा नाही. त्या म्हणाल्या, मग जाळी कापा.

सोमवारी मी जाळी कापली. कूलरच्या पुढे, गाडीच्या तोंडाबाहेर पंखा बसवला आणि त्याला पत्र्याचं नाक करून दिलं. जीप दिसायला विचित्र झाली. वाटेत लोक वळून बघायचे. डॉक्टरांनी ती पुढे कितीतरी वर्षं चालवली, म्हातारपणाने डोळे अधू होईपर्यंत. डाव्या सीटवर बहुतेक वेळा रत्नाक्का असायच्या, साबण आणि खोबरेल तेलाची पिशवी घेऊन.

पंखा बसवताना डॉक्टर ड्रमवर बसून सगळं काम बघत होते. कुठे भोक पाडू, वायर कुठून नेऊ, सगळ्यात त्यांची सूचना होती. शंभर डिग्रीच झालं होतं तर पंख्याची एवढी घाई कशाला, हे मात्र त्यांनी मला विचारलं नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.